नाते आहे, पण बापलेकाचे नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘जुबान’ या जपानी शब्दाविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, तो आमच्या गावात बराच वाचला गेला. किमोनोच्या आत घालायच्या वस्त्राला जपानी भाषेत जुबान म्हणतात, हा शब्द आपल्या मराठी ‘झब्बा’वरून तिकडे गेला आणि दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंनी तो नेला, असे लेखकाचे प्रतिपादन आहे. सोमवारी सकाळी एसटी स्टँडवर गावातील एका वयोवृद्ध शेतकऱ्याने मला थांबवून, “मास्तर, पेपरात आलं पा, आपला झब्बा जपानात गेल्ता म्हन्ते,” असे कौतुकाने सांगितले. त्यांच्या अंगातही त्या वेळी झब्बाच होता. त्यांचा हिरमोड करणे माझ्या जिवावर आले, म्हणून “वाचतो” एवढेच म्हणून मी घरी आलो. लेख दोनदा वाचल्यावर मात्र हे पत्र लिहिल्यावाचून राहवेना.

आधी लेखकाचे जे बरोबर आहे ते मान्य करतो. जुबान हा मूळचा जपानी शब्द नाही, हे खरे. झब्बा आणि जुबान यांच्यातले साम्य निव्वळ योगायोगाचे नाही, हेही खरे. उलट लेखकाला वाटले त्यापेक्षा ते नाते अधिक रंजक आहे. चूक झाली ती नाते जोडताना. दोन चुलत भावंडांचे चेहरे सारखे दिसले म्हणून एकाला दुसऱ्याचा बाप ठरवावे, तसे इथे झाले आहे. या दोघांचा आजा अरबस्तानातला आहे. त्याची एक पाती फारसीच्या वाटेने दख्खनमध्ये आली आणि दुसरी इटली-पोर्तुगालवरून समुद्रमार्गे जपानला गेली.

अरबीत ‘जुब्बा’ म्हणजे सैल, लांब, पुढून उघडा असा अंगरखा. हा शब्द मध्ययुगातच भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात शिरला. इटालियनमध्ये त्याचे ‘जुब्बा’च राहिले, आणि त्याला मोठेपणा दाखवणारा प्रत्यय लागून ‘जुब्बोने’ असे रूप झाले. आपण टोपीचा टोप करतो, त्यातलाच हा प्रकार. या जुब्बोनेवरून पोर्तुगीजांचा ‘जिबाँव’ आला. जिबाँव हे पुरुषांचे, कमरेपर्यंत येणारे, अंगासरशी बसणारे वस्त्र होते. सोळाव्या शतकातल्या चित्रांत पोर्तुगीज व्यापारी आणि खलाशी ज्या वेषात दिसतात, त्यातला वरचा भाग तो. या जिबाँवचेच जपानीत ‘जिबान’ आणि ‘जुबान’ झाले. दोन्ही रूपे तिथे आढळतात. लिहिण्यासाठी जी दोन चिनी अक्षरे निवडली गेली त्यांतले पहिले ‘जु’ असे वाचले जाते. दोन्ही अक्षरांत वस्त्राची खूण असल्यामुळे हा शब्द परका आहे असे सामान्य जपानी वाचकाच्या मनातही येत नाही. परके शब्द ज्या वेगळ्या लिपीत तिथे लिहिले जातात, त्या लिपीत तो सहसा लिहिला जात नाही. आपल्याकडे बाजार समितीच्या आवारात ‘लिलाव’ शब्द रोज शंभरदा उच्चारला जातो आणि तो पोर्तुगीज आहे अशी शंका ना अडत्याला येते, ना शेतकऱ्याला, तसेच हे आहे.

लिलावाचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण या वादाचा निकाल त्या शब्दात दडलेला आहे. पोर्तुगीज भाषेत शेवटी अनुनासिक ‘आँव’ असलेले शब्द पुष्कळ आहेत. भाकरी-रोटीच्या जागी ते जे खात, तो ‘पाँव’. बोली लावून विकणे म्हणजे ‘लेइलाँव’. गुंडी म्हणजे ‘बोताँव’. हे शब्द मराठीत आले तेव्हा आपल्या कानाने त्यातला अनुनासिक सोडला आणि ‘व’ ठेवला, म्हणून पाँवचा पाव झाला आणि लेइलाँवचा लिलाव. जपानी कानाने नेमके उलटे केले: ‘व’ सोडला आणि अनुनासिकाचा स्पष्ट ‘न’ केला. म्हणून त्यांच्याकडे पावाला ‘पान’ म्हणतात, बटणाला ‘बोतान’, आणि त्याच नियमाने जिबाँवचा झाला ‘जिबान’. एकाच साच्यातून पडलेले हे तीन शब्द एका रांगेत ठेवले की आणखी पुराव्याची गरज उरत नाही. उद्या कोणी जुबान थेट झब्ब्यापासून आला असे म्हणू लागला, तर त्याला एवढेच विचारावे की मग शेवटचा ‘न’ कुठून आला? झब्ब्यात तो नाही, जुब्ब्यात नाही, आणि तो उगाच जोडण्याची जपान्यांना काही गरज नव्हती. याच नियमाची दुसरी बाजू अशी, की जिबाँव हा शब्द पोर्तुगीजांकडून आपण घेतला असता, तर आज आमच्या गावचे म्हातारे ‘जिबाव’ घालून एसटी स्टँडवर बसले असते. आपण तो घेतला नाही, कारण आपल्याकडे जुब्बा आधीच येऊन स्थिरावला होता.

तो आला फारसी बोलणाऱ्या राजवटींबरोबर. आमचा हा वऱ्हाड प्रांत १४९० पासून १५७४ पर्यंत इमादशाहीत होता आणि तिची राजधानी अचलपूर आमच्या दर्यापूरपासून फार लांब नाही. त्या काळात आणि त्याच्या आगेमागे अरबी-फारसी शब्द कचेरीत, बाजारात आणि शिंप्याच्या दुकानात शिरले. ‘सदरा’ हा छातीवाचक अरबी शब्दावरून आला, ‘पायजमा’ फारसीतून आला, आणि जुब्ब्याचा आपल्या तोंडी झब्बा झाला. (‘झगा’ हा शब्दही लेखकाने या घराण्यात ओढला आहे, त्याला कृपया बाहेर ठेवावे. केवळ ‘झ’ने सुरू होतो म्हणून तो झब्ब्याचा भाऊ ठरत नाही.)

आता जपानकडच्या वाटेविषयी. इथे लेखकाच्या दोन हजार वर्षांपेक्षा खरा काळ फार अलीकडचा आहे आणि तो नेमका सांगता येतो. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली. त्यांचे व्यापारी जपानच्या तानेगाशिमा बेटावर पहिल्यांदा उतरले १५४३ साली, आणि बंदुका जपानला माहीत झाल्या त्या याच भेटीत. ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आले आणि १५४९ मध्ये जपानच्या कागोशिमा बंदरात पोचले. १५७१ पासून नागासाकी हे बंदर पोर्तुगीज जहाजांसाठी खुले झाले, आणि गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी अशी वाट पडली. १५८२ साली चार किशोरवयीन जपानी मुले रोमला जाण्यासाठी नागासाकीहून निघाली. तीही जाताना आणि परतताना गोव्यात थांबली होती. १६३९ मध्ये जपानने पोर्तुगीज जहाजांना बंदी केली. म्हणजे जुबान शब्द जपानीत शिरण्याची खिडकी जेमतेम शंभर वर्षे उघडी होती, आणि तो शब्द ज्यांच्या अंगावरून आणि तोंडून गेला ती माणसे गोव्याच्या धक्क्यावरून जहाजात चढत होती. मराठी मुलखाचा या कथेत हात आहेच, पण तो वाटेवरच्या मुक्कामाइतका.

त्या शंभर वर्षांत कपड्यालत्त्याचे किती शब्द तिकडे गेले हे पाहिले की जुबान एकटा नव्हता, हेही कळते. पावसाळी अंगरखा तो ‘काप्पा’, तो पोर्तुगीज ‘कापा’वरून. जाड लोकरी कापड ‘राशा’, मखमल ‘बिरोदो’, आणि मोज्यांच्या पोर्तुगीज नावावरून विणीच्या कापडाला ‘मेरियासु’. ‘सारासा’ म्हणजे छापील किंवा चितारलेले सुती कापड, आणि ते तर हिंदुस्थानातूनच जात असे. बोतानचे नाव वर आलेच आहे.

बोतानापाशी मला थोडे थांबू द्यावे. माझे वडील शिवणकाम करीत. आठवडी बाजाराच्या दिवशी ते पायाची मशीन बैलबंडीत घालून बाजाराच्या गावी नेत आणि संध्याकाळपर्यंत सदरे, बंड्या, लहान पोरांची झबली शिवत. पोळ्याच्या आधी पंधरा दिवस त्यांना जेवायला सवड नसे, कारण सालदाराच्या वर्षाच्या बोलीत कापडे असत आणि ती पोळ्याला अंगावर यावी लागत. ते म्हणत, “काज नीट नसंल तं बटनाचा काय उपेग?” हा ‘काज’ शब्द पोर्तुगीज ‘काझा’वरून आला. काझा म्हणजे घर, बटणाचे घर. पोर्तुगीज शिंप्याच्या एकाच डबीतून गुंडीचे नाव जपानने उचलले आणि तिच्या घराचे नाव आपण. आपले ‘बटण’ पुढे इंग्रजांकडून आले, पण काज जागचा हलला नाही. वडिलांना हे कोणी सांगितले असते तर त्यांनी मान हलवून दोरा ओवणे चालूच ठेवले असते. मला मात्र ते कळले तेव्हा त्या दिवशी दुसरे काही सुचले नाही, हे कबूल करतो.

लेखात आणखी एक आक्षेप आधीच गृहीत धरून उडवून लावला आहे. झब्बा वरून घालायचा आणि जुबान आतून घालायचा, मग शब्द एक कसा, असे कोणी विचारील, त्यावर ‘काळाच्या ओघात अर्थ बदलतो’ एवढेच लेखकाने म्हटले आहे. अर्थ बदलतो हे खरे, पण कसा बदलला हे सांगण्यातच या शब्दाची सगळी गंमत आहे. अरबांचा जुब्बा सगळ्यांत वरचा. पोर्तुगीजांचा जिबाँव सदऱ्याच्या वर आणि डगल्याच्या आत, म्हणजे मधला. जपान्यांनी हे नाव घेतले आणि किमोनोच्या आत, अंगालगतच्या थराला लावले. एका शब्दाने तीन देशांत तीन पायऱ्या उतरून कातडीपर्यंत मजल मारली. जपानी जुबान आधी आखूड, कमरेपर्यंतचाच असे. घोट्यापर्यंत येणारा लांब जुबान नंतर, एदो काळात (सतरावे ते एकोणिसावे शतक) प्रचारात आला. त्याची बेतणी मात्र पूर्ण जपानी आहे: सरळ पट्ट्यांची, पुढून उघडी, डावी बाजू उजवीवर घेऊन बांधायची, ना काज ना बटण. जिबाँवची शिवण त्यात शोधूनही सापडत नाही. नाव परदेशी, अंग देशी.

आत घालायच्या वस्त्राची गरजही शिवणकाम करणाऱ्याला लगेच पटेल अशी आहे. रेशमी किमोनो पाण्यात घालायचा तर पूर्वी त्याची शिवण उसवून, पट्टे वेगळे करून, धुऊन, ताणून वाळवून, पुन्हा शिवावा लागे. घाम आणि मळ त्याच्यापर्यंत पोचू नये, म्हणून जुबान. त्यातही गळ्याची पट्टी सगळ्यांत आधी मळते, म्हणून ती वेगळी, टाके घालून बसवलेली असते आणि काढून बदलता येते. आमच्याकडे सदऱ्याची कॉलर विरली की वडील ती उसवून, उलटी करून परत बसवून देत आणि सदरा आणखी दोन वर्षे चाले. कापड वाचवण्याची अक्कल सगळीकडची सारखीच असते.

वरचे वस्त्र नावाने आत जाण्याचा हा प्रकार आपल्या घरात, आपल्या अंगावरही घडला आहे. ‘बनियान’ पाहा. गुजराती ‘वाणियो’, म्हणजे वाणी, व्यापारी. त्यावरून युरोपियनांनी हिंदी व्यापाऱ्यांना बनियान म्हटले, मग हिंदुस्थानी धाटणीच्या सैल अंगरख्यालाही ते नाव दिले, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडातले श्रीमंत लोक घरी बसताना असा ‘बनियान’ अंगात चढवू लागले. त्याच शब्दाला पुढे हिंदुस्थानात आतल्या गंजीचा अर्थ आला. अंगरखा म्हणून गेला आणि गंजीफ्रॉक होऊन परतला. जुबानच्या प्रवासाशी याचे इतके साम्य आहे, की लेखकाने झब्ब्याऐवजी बनियानचे उदाहरण घेतले असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

अरबी जुब्ब्याने जपानचे दार एकदाच ठोठावले असेही नाही. फ्रेंच भाषेत त्याचे ‘झ्यूप’ झाले, आणि त्याला लहानपणाचा प्रत्यय लागून ‘झ्यूपों’, म्हणजे बायकांचा आतला घागरा, परकर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानने पाश्चात्त्य पोशाख स्वीकारला तेव्हा हा शब्द ‘झुबोन’ होऊन आला आणि तिथे त्याचा अर्थ झाला पुरुषांची पँट. परकराच्या नावाची पँट! इटालियनांनी जुब्ब्याला मोठे केले त्यातून जुबान निघाला, फ्रेंचांनी त्याला लहान केले त्यातून झुबोन. एक सोळाव्या शतकात आला, दुसरा त्यानंतर तीनशे वर्षांनी, आणि दोघेही एकाच माणसाच्या कपाटात एकमेकांना न ओळखता शेजारी राहिले. झुबोनविषयी जपानात एक लोकव्युत्पत्तीही सांगतात, की पाय आत घातला की ‘झुबोन्’ असा आवाज होतो म्हणून ते नाव. त्यांच्या पाश्चात्त्य धाटणीच्या कोटाला ‘सेबिरो’ म्हणतात; तो लंडनच्या ‘सॅव्हिल रो’ या शिंप्यांच्या प्रसिद्ध गल्लीच्या नावावरून आला असे काही सांगतात, तर ‘से’ म्हणजे पाठ आणि ‘हिरो’ म्हणजे रुंद, असा त्याचा घरगुती अर्थ दुसरे लावतात. हौशी व्युत्पत्तिकार तिथेही आपल्यासारखेच आहेत, तेव्हा आपल्या लेखकाने फार वाईट वाटून घेऊ नये.

आपल्याकडेही हे घराणे दोनदा आले आहे. झब्बा फारसीच्या मागून, आणि ‘जंपर’ इंग्रजीच्या मागून. इंग्रजीतला जंपर फ्रेंच झ्यूपच्याच कुळातला मानला जातो. इंग्रजांचा जंपर म्हणजे लोकरीचा स्वेटर, आणि आमच्याकडच्या जुन्या बायका पोलक्याला जंपर म्हणत. म्हणजे आजोबांचा झब्बा आणि आजीचा जंपर ही दूरची भावंडे, आणि जपानी आजोबांच्या अंगातला जुबान आणि पायातला झुबोन हीही त्यांचीच. रशियन भाषेत बायकांच्या घागऱ्याला ‘यूब्का’ म्हणतात, तोही याच गोतावळ्यातला. एवढा मोठा कबिला असताना त्याला बाप म्हणून आमच्या गावचा झब्बा बसवणे म्हणजे सगळ्या भाऊबंदकीवर सातबारा आपल्या नावे चढवून घेण्यासारखे आहे.

आता दोन हजार वर्षांचे. बौद्ध धर्म जपानला पोचला सहाव्या शतकाच्या मध्याला, आणि तोही कोरियातल्या बेकजे राज्याकडून. त्या वेळी इथे मराठी नव्हती, प्राकृत होती. आणि अरबी जुब्बा दख्खनच्या पठारावर येण्यास अजून कित्येक शतके अवकाश होता. जो शब्द आपल्याजवळच नव्हता तो भिक्षूंनी नेला कसा? लेखकाने आधाराला ७९९ सालची कापसाची गोष्ट घेतली आहे. ती गोष्ट खरी आहे आणि मला अत्यंत प्रिय आहे. त्या साली जपानच्या मिकावा प्रांतात एक परदेशी तरुण लहानशा नावेतून किनाऱ्याला लागला. आपण तेन्जिकूचा, म्हणजे हिंदुस्थानचा, असे तो सांगे, आणि त्याच्याजवळ कापसाची सरकी होती, अशी नोंद जपानच्या जुन्या ग्रंथांत आहे. ती सरकी पुढच्या वर्षी निरनिराळ्या प्रांतांत लावून पाहिली गेली, पण ते वाण तिथे टिकले नाही. नवे वाण एखाद्या वर्षी अंगावर कसे येते हे कपाशी लावणाऱ्याला समजावून सांगायला नको. आज त्या भागात त्या तरुणाला देव मानणारे एक देऊळ आहे. परंतु या सगळ्यात सरकी गेली, झब्बा नाही. वस्तू आणि शब्द एकाच बैलगाडीतून जातात असे धरून चालणे ही या लेखातली दुसरी मोठी चूक आहे. १८९३ पासून मुंबई आणि कोबे यांच्या दरम्यान जपानी कंपनीची नियमित आगबोट सुरू झाली आणि हिंदुस्थानचा कापूस ओसाकाच्या गिरण्यांत जाऊ लागला. अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ आणि हिंगणघाटच्या नावावरून ‘हिंगणघाट’ म्हणून कापसाच्या जाती तेव्हा परदेशी बाजारात ओळखल्या जात. तेवढा कापूस जहाजात चढला. सरकी, रुई, बोंड, पऱ्हाटी यांतला एकही शब्द जपानीत गेला नाही.

हिंदुस्थानातून जपानच्या कपाटात गेलेला एक शब्द लेखकाला हवाच असेल, तर तो आहे, आणि आमच्या विदर्भात तर तो घरोघरी समजेल. जपानी बौद्ध भिक्षू अंगावरून घेतात त्या वस्त्राला ‘केसा’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘काषाय’वरून चिनी भाषेमार्फत तिथे पोचला, पालीत त्याचे रूप ‘कासाव’ आहे. कषाय म्हणजे तुरट काढा. झाडाची साल, मुळे उकळून त्या पाण्यात रंगवलेले, तांबूस-पिवळ्या, मळकट रंगाचे वस्त्र ते काषाय. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे घडले त्यानंतर चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, हा शब्द आमच्या खेड्यांतल्या लहान मुलांनाही माहीत झाला, आणि नागपुरात अनेक वर्षे राहिलेले, जन्माने जपानी असलेले भदंत सुरई ससाई यांना तर इथल्या असंख्य लोकांनी चीवरातच पाहिले आहे. केसाची वाट सरळ आहे, काळ जुळतो, अर्थ बदललेला नाही आणि चिनी भाषेतला मधला टप्पाही सापडतो. याच वाटेने संस्कृत ‘पात्र’ जपानीत ‘हाची’ झाले, आणि ‘दान’ हा शब्द ‘दान्ना’ होऊन आधी दाता, मग मालक आणि शेवटी नवरा या अर्थाला पोचला. दान देणारा तो नवरा, यावर आमच्या गावच्या बायकांचे मत काय पडेल ते मी इथे लिहीत नाही. रविवारच्या लेखासाठी जुबान सोडून केसा निवडला असता, तर लेखकाला भिक्षूही मिळाले असते, प्राचीनताही मिळाली असती, आणि मला पत्र लिहावे लागले नसते.

केवळ उच्चारावर विसंबू नये, हे विदर्भातल्या माणसाला एका शब्दात पटवता येते, तो शब्द ‘बंडी’. वर मी लिहिले, की वडील बैलबंडीत मशीन घालून नेत आणि बाजारात बंड्या शिवत. पुण्याच्या वाचकाला पहिल्या बंडीचा अर्थ कदाचित अडखळवील. आमच्याकडे बंडी म्हणजे बैलगाडी, आणि बंडी म्हणजे अंगात घालायचे बिनबाह्यांचे वस्त्रही. गाडीवाचक बंडी द्राविड भाषांमधून आली आहे. तेलुगू आणि कन्नडमध्ये ‘बंडि’, तमिळमध्ये ‘वंडि’ म्हणजे गाडीच. तेलंगणाची हद्द लागून असलेल्या मुलखात ती यावी यात नवल नाही. अंगातल्या बंडीचा तिच्याशी काहीही संबंध नाही. अक्षर न् अक्षर सारखे असलेल्या, एकाच अंगणात उभ्या असलेल्या या दोन बंड्यांचे कूळ जिथे वेगळे निघते, तिथे अर्ध्या जगापलीकडच्या झब्बा-जुबानचे नाते कानाने ठरवणे कितपत शहाणपणाचे?

आणखी एक किरकोळ बाब. लेखाच्या मथळ्यात ‘जपानची जुबान मराठी!’ असे शब्द वापरले आहेत. वस्त्राचे नाव देवनागरीत लिहिले की ते हिंदीतल्या ‘जुबान’सारखे, म्हणजे जीभ किंवा भाषा या अर्थाच्या शब्दासारखे, दिसते, त्यामुळे मथळा चटकदार झाला हे मान्य, पण त्यामुळे आमच्या गावातल्या निम्म्या लोकांची समजूत अशी झाली, की जपानात मराठी बोलतात. पानठेल्यावर तर एकाने आपल्या भाच्याला तिकडे नोकरी लागेल काय, असे मला विचारले.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून जगातला प्रत्येक शब्द मराठीतून गेला असे दाखवण्याची एक लाट आली आहे, आणि हा लेख त्या लाटेवरचा आहे असे मला वाटते. तो दर्जा महाराष्ट्री प्राकृतातल्या वाङ्मयाच्या आणि शिलालेखांच्या भक्कम पायावर मिळाला आहे. त्याला जपानी बंडीच्या टेकूची गरज नाही. पाव, लिलाव, काज असे शब्द आपण बाहेरून घेतले याची आपल्या भाषेला कधी लाज वाटली नाही. जपान्यांनाही जुबान पोर्तुगीज आहे हे त्यांचे कोश मोकळेपणाने सांगतात.

माझी विनंती एवढीच, की येत्या रविवारच्या पुरवणीत, शक्य असल्यास त्याच पानावर आणि त्याच आकाराच्या अक्षरांत, दुरुस्ती छापावी: जुबान हा शब्द पोर्तुगीज ‘जिबाँव’वरून जपानीत आला असून मराठी ‘झब्बा’ आणि तो, दोघेही अरबी ‘जुब्बा’चे वंशज आहेत. चौकटीला जागा उरली तर केसाविषयीही दोन ओळी द्याव्यात. आमच्या गावी रविवारचा अंक दुपारच्या एसटीने येतो. ज्या वयोवृद्ध गृहस्थांना मी अजून काही बोललो नाही ते त्या वेळी स्टँडवरच असतात, आणि अंक सोडवून घेणारे पहिले गिऱ्हाईक तेच असते. त्यांचा झब्बा जपानला गेला नाही ही बातमी त्यांना माझ्या तोंडून कळण्यापेक्षा पेपरातून कळलेली बरी.

आपला,
एक निवृत्त भाषाशिक्षक
ता. दर्यापूर, जि. अमरावती